बाणाचा ण

आमच्या जिल्ह्यातल्या महिला पत्रकार संघटनेच्या घटनेतलं सातवं कलम माझं आहे. बाकीची घटना मी इकडून तिकडून उतरवून काढली होती, पण सातवं कलम मी डोकं तापलेलं असताना लिहिलं. संघटनेची नोंदणी झाली त्याच आठवड्यात बुलडाण्याला एका पत्रकार परिषदेत मागच्या रांगेतला एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "झाली बायकांची भिशी चालू." मी वळून पाहिलं नाही. घरी आले, पर्स खुंटीला लावली आणि कलम लिहिलं: ‘सदस्य होऊ इच्छिणाऱ्या महिलेने स्वतःच्या नावे प्रसिद्ध झालेल्या किमान दहा बातम्यांची कात्रणे, अथवा सदर बातम्या हाताळलेल्या संपादकीय विभागातील व्यक्तीचे लेखी प्रमाणपत्र सादर करावे.’ ‘अथवा’च्या पुढचा भाग मी एका मोठ्या शहरातल्या संघटनेच्या घटनेतून उचलला होता. वाचायला भारदस्त वाटत होता म्हणून ठेवला, एवढंच. नावापुरती पत्रकार असलेली एकही बाई आमच्यात शिरणार नाही, ही माझी जिद्द होती.

कार्यकारिणीत आम्ही सातजणी. अध्यक्ष खामगावच्या, साठी ओलांडलेल्या. वडिलांचं साप्ताहिक भावांनी नको म्हणून सोडलं, ते त्यांनी धरून ठेवलं आणि चालवून दाखवलं. आम्ही सगळ्या त्यांना नुसतं ताई म्हणतो. कोषाध्यक्ष चिखलीची; ती मोबाईलवर बातम्यांचा चॅनल चालवते आणि सतत घाईत असते. मी सचिव. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ताईंच्या छापखान्याच्या मागच्या खोलीत बैठक होते. शेजारी जिनिंग आहे, त्यामुळे कापसाच्या हंगामात टेबलावर पांढरा भुरका बसतो आणि पहिली दहा मिनिटं पुसापुशीत जातात. सचिव म्हणून माझी दोन कामं: इतिवृत्त लिहिणं आणि सगळ्यांचं शुद्धलेखन सुधारणं. दुसरं काम मला कोणी दिलेलं नव्हतं.

शुद्धलेखनाचं हे खूळ मला पुण्यात लागलं. मी मूळची लोणारची. आमच्या बोलण्यात ण नाही. पाणी म्हणजे पानी, कोण म्हणजे कोन, आणि खुद्द लोणार म्हणजे लोनार. पत्रकारितेचा अभ्यासक्रम करायला पुण्याला गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी ओळख करून देताना मी म्हणाले, "मी लोनारवरून आलो." एका वाक्यात दोन गुन्हे. न तर झालाच, वर बाई असून ‘आलो’. आमच्याकडे बाईमाणूसही ‘मी जातो, मी करतो’ असंच म्हणतं, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. वर्ग हसला. वाईट हसला असता तर मी भांडले असते. पण तो कौतुकानं हसला, आणि ते जास्त लागलं. त्या वर्षात मी ण इतका घोटला की आता मला झोपेतून उठवून विचारलं तरी चुकायची नाही.

पुढे चार वर्षं मी अकोल्याला एका दैनिकाच्या डेस्कवर उपसंपादक होते. गावोगावचे वार्ताहर बातम्या पाठवायचे, आम्ही त्या तपासून पानात लावायचो. लहानपणी ज्यांना ण न लिहिल्याबद्दल मार बसलेला असतो, ते मोठेपणी जिथं नको तिथंही ण लिहितात. असे खूप होते, पण डोणगावचे वार्ताहर सगळ्यांचे राजे. त्यांची बातमी चोख असायची. कोण, कुठं, कधी, कशामुळे, सगळं जागच्या जागी. फक्त ‘निवेदन’ हा शब्द आला की ते ‘निवेदण’ लिहायचे. आणि गावाकडची बातमी म्हटली की निवेदन आलंच. रस्त्यासाठी निवेदन, रोहित्रासाठी निवेदन, शाळाखोलीसाठी निवेदन. मी संध्याकाळी फोन लावायचे. "साहेब, निवेदनातला न नळाचा. बाणाचा नाही." ते नम्रपणे म्हणायचे, "हाव म्याडम, उद्यापासून सुधारतो." दुसऱ्या दिवशी पुन्हा निवेदण. चार वर्षांत एकदाही सुधारणा झाली नाही. ही गोष्ट मी नंतर कितीतरी ठिकाणी नकलेसकट सांगितली आणि हशा वसूल केला. आता मी हसणाऱ्यांच्या बाजूला बसले होते, आणि ते मला आवडत होतं.

तर त्या डोणगावहून अर्ज आला. अर्जदार त्याच वार्ताहरांची बायको होती. तिचं म्हणणं असं, की नवऱ्याच्या नावावर गेली दहा वर्षं जाणाऱ्या सगळ्या बातम्या तिनंच लिहिल्या. आता नवरा निवडणुकीला उभा राहणार म्हणून वर्तमानपत्रानं त्याला काम सोडायला सांगितलं होतं आणि त्याच्या जागी तिच्या दिराला नेमायचं चाललं होतं. ती स्वतः त्या दैनिकाच्या जिल्हा प्रमुखांकडे जाऊन आली. ते म्हणाले, बुधवारच्या आत कुठल्याही पत्रकार संघटनेचं सदस्यत्व आणून दाखवा, मग तुमचं नाव वर पाठवतो. नाहीतर दिराचं जाईल. तालुक्याच्या पत्रकार संघात नवराच उपाध्यक्ष होता, तिथे तिला हसून चहा पाजला गेला. उरलो आम्ही. अर्जासोबत जाडजूड फाईल होती, पण एकाही कात्रणावर तिचं नाव नव्हतं. काहींवर ‘डोणगाव (वार्ताहर)’, काहींवर नवऱ्याचं नाव.

त्या रविवारी बैठक अकराला सुरू झाली. ती बाई आलेली नव्हती. मी तिचा अर्ज वाचून दाखवला, आणि मग माझी जीभ सुटली. "हे म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. नवऱ्याची दहा वर्षांची मेहनत, आणि आता ती म्हणते मीच. बरं, त्या नवऱ्याचीही काय मेहनत!" असं म्हणून मी निवेदणची नक्कल केली, साहेबांच्या आवाजासकट. सगळ्या हसल्या. ताई तेवढ्या हसल्या नाहीत, पण त्या तशाही कमीच हसतात.

ती सव्वाबारा वाजता आली. पस्तिशीची असेल. हातात कापडी पिशवी, चपला धुळीनं भरलेल्या. "मेहकरले गाडी हुकली," एवढंच म्हणाली आणि दारातच उभी राहिली. मी घड्याळाकडे पाहिलं, तिला दिसेल असं. ताईंनी तिला पाणी दिलं आणि खुर्चीवर बसवलं.

मी विचारलं, "या बातम्या तुम्ही लिहिता?"

"हाव. मीच लिहितो."

"मग यजमानांकडून तसं पत्र आणायचं. प्रश्न मिटला असता."

"मांगतलं म्या. थे म्हनतात, दहा वर्सं गाव मले पत्रकार साहेब म्हनून राह्यलं. आता विलेक्शनच्या तोंडावर बायको लिहे म्हनून कागद देऊ? लोकं हासतीन. थोडी मदत करते, येवढं लिहून देतो म्हने." ती तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती. भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती.

"आणि डेस्कवर तुम्हाला कोणी ओळखतं?"

"डेस्कले तेयचा आवाज मालूम हाय. माहा नाई."

मी घटनेची प्रत काढून सातवं कलम वाचलं. अर्धंच वाचलं. ताई म्हणाल्या, "पुरं वाच वं." मी ‘अथवा’सकट पुरं वाचलं आणि म्हणाले, "तेही यांच्याकडे नाही. नियम म्हणजे नियम. आज एकीला सूट दिली तर उद्या भिशी म्हणणारे खरे ठरतील." हे बोलताना मला आपण फार न्यायी आहोत असं वाटत होतं. बाई फाईलकडे पाहत होती. दहा वर्षांची कात्रणं, वर तारखा घालून, एकावर एक नीट लावलेली.

ताई म्हणाल्या, "लिहून तं दाखवू दे तिले."

"एका बातमीनं काय सिद्ध होतं?" मी म्हणाले. पण मग विषयपत्रिकेचा एक पाठकोरा कागद आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. "आजचीच बातमी लिहा. घरून पाठ करून आणलेली नको." वाक्य तोंडातून गेल्यावर ते किती खवचट होतं हे माझ्या लक्षात आलं, पण उचलली जीभ लावली टाळ्याला, परत कशी घेणार?

तिनं पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "सिंगल कॉलम का डबल?"

चिखलीची कोषाध्यक्ष मोबाईलमधून डोकं वर काढून तिच्याकडे बघायला लागली. हा प्रश्न ज्यानं रोज बातमी पाठवली आहे त्यालाच पडतो. मी म्हणाले, "सिंगल."

आम्ही पुढचा विषय घेतला. दहा-बारा मिनिटांत तिनं कागद माझ्यापुढे ठेवला. मी सवयीनं लाल पेन काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. बातमी मेहकरच्या बसस्थानकावरची होती. एका वस्तीतल्या शाळकरी मुली आणि त्यांच्या आया रविवार असूनही तिथं जमल्या होत्या. वस्तीच्या फाट्यावर बसला थांबा मिळावा ही त्यांची मागणी. किती मुली, कोणत्या वर्गातल्या, फाट्यापासून शाळा किती लांब, पहिल्या दोन ओळींत सगळं होतं. शेवटी, थांब्यासाठी वरिष्ठांकडे प्रस्ताव पाठवू असं तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितल्याचं होतं.

मी मधेच थांबून विचारलं, "अधिकारी रविवारी भेटले?"

"घरून बलावले त्यायले. यायले टाइम लागला. पन दुसरी बाजू घेतल्याबिगर बातमी कशी लिहा? म्हनून तं गाडी हुकली."

म्हणजे उशिराचं कारण हे होतं. तिच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची बैठक खामगावात चालू होती, आणि ही बाई मेहकरला दुसऱ्या बाजूची वाट पाहत थांबली होती. मी पुढे वाचायला घेतलं. ‘याबाबतचे निवेदण देण्यात आले.’

माझ्या हातानं त्या शब्दाभोवती लाल गोल आधीच काढला होता. डोक्यापर्यंत गोष्ट नंतर पोचली. मी फाईल ओढली आणि कात्रणं उलटायला लागले. पानात लावताना आम्ही जिथं जिथं दुरुस्ती करायला विसरलो होतो, तिथं तिथं तोच ण बसलेला होता. माझ्या चार वर्षांच्या आधी, माझ्या नंतर, नवऱ्याच्या नावाखाली, वार्ताहर या शब्दाखाली.

मी विचारलं, "हा न नळाचा, असं तुम्हाला कधी कोणी सांगितलं नाही?"

"सांगतलं ना. लय वर्सं सांगतलं. अकोल्यावरून एक म्याडम रोज फोन करे. थे फोन उचलत अन् स्पीकरवर टाकत. मी तठीच भाकरी करत असो." मग तिनं मान जराशी वाकडी केली आणि हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाली, "साहेब, निवेदनातला न नळाचा. बाणाचा नाही."

तासाभरापूर्वी मी याच टेबलाशी तिच्या नवऱ्याची नक्कल केली होती, आणि आता ती माझी करत होती. तिला माहीत नव्हतं की ती नक्कल माझीच आहे. माझे कान गरम झाले. पुण्यातल्या त्या वर्गात झाले होते तसे.

"थे म्याडम म्हंजे मीच," मी म्हणाले. किती वर्षांनी माझ्या तोंडून ‘थे’ आलं, आणि मी ते सुधारलं नाही.

ती चटकन उभी राहिली. मी तिला हात धरून खाली बसवलं. "मंग सुधारलं काऊन नाई वं? चार वर्सं सांगतलं."

ती फाईलच्या कोपऱ्याशी चाळा करत म्हणाली, "पयलं चुकूनच लिहिलं होतं. शाळेत गुरुजीनं ण साठी छडी देल्ली, तं हात जिथं तिथं ण लिहे. तुमचा पयला फोन आला तवाच समजलं होतं. पन मंग म्या मुद्दामच ठेवलं, म्याडम."

"मुद्दाम?"

"बाकी बातमी जशीच्या तशी छापून ये. कोनी बरी म्हने नाई, वाईट म्हने नाई. त्या एका अक्षरापाई रोज फोन ये. कोनतरी मी लिहिलेलं वाचून राह्यलं, येवढं मले समजे. सुधारलं असतं तं तुमचा फोनच बंद झाला असता. तुमी गेल्यावर बंदच झाला. पन मी लिहितच राह्यलो, काय मालूम, कोनी पाहीन म्हनून."

मी रडले. बैठकीत, इतिवृत्ताच्या वहीवर, सगळ्यांच्या देखत. लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला, आणि दोन्ही एकदम झालं की माणूस रडतोच. चार वर्षं मी जिची बातमी रोज वाचत होते, जिच्या बातम्यांना मनातल्या मनात चोख म्हणत होते, ती ही. मी साहेब साहेब म्हणत होते आणि पलीकडे चुलीशी बसून ही ऐकत होती. नागोबा कोण होता हेही आता कळलं होतं.

मी डोळे पुसले आणि कोरा कागद घेतला. सातव्या कलमातला तो उसना भाग, भारदस्त दिसतो म्हणून ठेवलेला, पहिल्यांदाच कामाला आला. ‘सदर बातम्या मी उपसंपादक म्हणून चार वर्षे हाताळल्या असून, त्या अर्जदार महिलेनेच लिहिलेल्या आहेत, याची मला खात्री आहे.’ खाली सही केली. कोषाध्यक्ष म्हणाली, "एक मिनिट. कलम तुमचं, साक्ष तुमची, अन् आता मतही तुमीच देनार का?" बरोबर बोलली ती. मी म्हणाले, मी मत देत नाही. ताईंनी विचारलं, "कोनाचा होकार?" सहा हात वर गेले. सगळ्यात आधी कोषाध्यक्षेचाच होता.

सोमवारी ती सदस्यत्वाचं पत्र आणि माझं प्रमाणपत्र घेऊन जिल्हा प्रमुखांकडे गेली. मंगळवारी त्यांचा मला फोन आला. "मॅडम, एका अक्षरावरून तुम्ही खात्री कशी देता?" मी म्हणाले, "दिराला एक बातमी लिहायला सांगा. निवेदनाची. आणि या बाईंनाही सांगा. मग मला फोन करा." दिरानं काय लिहिलं ते मला माहीत नाही. जिल्हा प्रमुखांनी मला पुन्हा फोन केला नाही. बुधवारी दुपारी तिचाच आला. "झालं म्याडम," ती म्हणाली, आणि मागून नवऱ्याचा आवाज ऐकू आला, तो कोणाला तरी सांगत होता, "आमच्या घरच्या आता वार्ताहर झाल्या." आवाजात चक्क तोरा होता. माणसं अशीच असतात; मीही तशीच होते, त्याला कशाला नावं ठेवू.

पुढच्या सर्वसाधारण सभेत मी सातव्या कलमात एक दुरुस्ती मांडली. ‘स्वतःच्या नावे प्रसिद्ध झालेल्या’ऐवजी ‘स्वतः लिहिलेल्या’. खात्री कशी करायची ते कार्यकारिणी पाहील. कोणी विरोध केला नाही. त्यानंतर अर्ज यायला लागले: भावाच्या नावावर लिहिणारी एक, सासऱ्याच्या नावावर लिहिणारी एक, आणि एक तर अशी, की तिच्या नवऱ्याला पत्रकारितेचा पुरस्कार मिळाला तेव्हा ती प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवत होती. सगळ्यांना आम्ही कागद आणि पेन दिलं. मी एकीलाही घरून पाठ करून आणू नका असं म्हणाले नाही. बुलडाण्याच्या पत्रकार परिषदेत आता आमची एक रांग पूर्ण भरते, आणि ती पुढची असते. भिशी म्हणणारे गृहस्थ परवा मला विचारत होते, तुमच्या संघटनेच्या कार्यशाळेला आमच्या सुनेला घेता का. मी म्हणाले, तिच्या स्वतःच्या नावानं अर्ज पाठवा.

पण मला सांगायचं ते तिच्या पहिल्या बातमीचं. वस्तीच्या फाट्याला थांबा मिळाला, आणि ती बातमी डबल कॉलम लागली. वर तिचं नाव होतं, आडनावासकट, ठळक अक्षरांत. मी सकाळी चहा गार होऊ देऊन ती बातमी वाचली आणि नकळत शब्द शोधायला लागले. सापडला. ‘विद्यार्थिनींनी दिलेल्या निवेदनाची दखल घेत...’ न नळाचा.

डेस्कनं सुधारला असेल असं वाटलं. तरी राहवेना, म्हणून फोन लावला. या वेळी तो तिनंच उचलला.

"निवेदन बरोबर आलं आज," मी म्हणाले. "डेस्कवर कोणी दुरुस्त केलं का?"

"नाई म्याडम. म्याच बरोबर लिहिलं."

"काऊन वं?"

"आता नाव हाय ना वर," ती म्हणाली.